एकशे अडुसष्ट तास आणि एक बसलेला आवाज

नाताळच्या रात्रीची मिस्सा चालू होती. वसईतले आमचे चर्च माणसांनी भरून गेले होते. गायनवृंदाच्या दुसऱ्या रांगेत आमच्यापैकी एकजण उभी होती आणि नुसते ओठ हलवत होती. घशातून स्वर निघत नव्हता. सर्दी नव्हती, ताप नव्हता. जूनमध्ये ती एका माध्यमिक शाळेत विज्ञानशिक्षिका म्हणून रुजू झाली होती, आणि डिसेंबरपर्यंत आवाज संपला होता.

आम्ही दोघेही शिक्षक. एकाची नोकरी जुनी, गणिताची. एकीची नवी, विज्ञानाची. घरात आठ वर्षांची मुलगी आणि तिची आजी. नवी शाळा मुंबईच्या उपनगरात, म्हणजे वसई रोडहून लोकलचा प्रवास आलाच. त्या रात्री घरी परतल्यावर आम्ही मागचे सहा महिने आठवून पाहिले. जुलैत सकाळचे चालणे बंद झाले. ऑगस्टमध्ये गायनवृंदाचा सराव बुडू लागला. गणपतीनंतर रात्री चौघांनी एकत्र जेवणे थांबले. दिवाळीनंतर झोप कमी झाली. शेवटी आवाज गेला. प्रत्येक वेळी कारण एकच दिले होते: वेळ नाही.

‘वेळ नाही’ हे विधान आहे, आणि विधान तपासून पाहता येते. नाताळच्या सुट्टीत आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या हिशेबातून आणि पुढच्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडत आहोत. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना त्याचा उपयोग व्हावा. पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करणाऱ्यांना तर कुठल्याच कामाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते. त्यांच्यासाठी हे विशेष.

हिशेब तर जुळतो!

आठवड्याचे तास १६८. तिच्या आठवड्याचा हिशेब असा मांडला:

झोप, रोज साडेसात तास: ५२.५
शाळा, पाच दिवस ६ तास व शनिवारी ४ तास: ३४
प्रवास, सहा दिवस दोन तास: १२
घरी वह्या तपासणे व पाठ टाचण: १२
आंघोळ, जेवणखाण इत्यादी: १४
घरकाम, रोज अडीच तास: १७.५

बेरीज १४२ तास. उरले २६. त्यातून व्यायामाचे अडीच तास, रविवारच्या मिस्सेचे जाण्यायेण्यासह दोन आणि गायनवृंदाच्या सरावाचे दोन असे साडेसहा तास वजा केले, तरी साडेएकोणीस तास शिल्लक. म्हणजे रोजचे जवळजवळ पावणेतीन तास!

कागदावर वेळ आहे, प्रत्यक्षात नाही. असे झाले की विज्ञानाचा शिक्षक म्हणतो, ‘गृहीतक तपासा.’ आमची दोन गृहीतके चुकीची निघाली.

पहिले गृहीतक असे, की एक तास दुसऱ्या तासासारखाच असतो. इथला काढून तिथे ठेवता येतो. कामाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. आजच्या वह्या उद्या तपासता येतात. पण झोप, स्नायू, स्वरयंत्र यांची झालेली झीज भरून येण्याला आपापला काळ लागतो आणि त्याची आपापली वेळ असते. काम पुढे ढकलता येते, भरपाई तशी ढकलता येत नाही.

दुसरे गृहीतक असे, की माझा मोकळा तास हा घराचाही मोकळा तास असतो. तसे नसते. रात्री साडेअकराला तिला उसंत मिळे तेव्हा मुलगी झोपलेली असे.

या दोन्ही गोष्टी आता क्रमाने पाहू.

लाजाळूपासून माणसापर्यंत

१७२९ साली फ्रान्समधील द मेरां या शास्त्रज्ञाने लाजाळूचे झाड अंधारात ठेवले. ऊन मिळत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. सजीवांच्या आत स्वतःचे घड्याळ असते याचा हा पहिला लेखी पुरावा. या घड्याळाची रेणूंच्या पातळीवरची यंत्रणा फळमाशीत शोधून काढल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर मोठे काम केले. गुहेतल्या वटवाघळांवर त्यांनी निरीक्षणे केली. आणि दिवस-रात्र कळू नये अशा बंद खोलीत स्वेच्छेने राहिलेल्या माणसांवरही केली.

माणसाचे हे घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा किंचित सावकाश चालते. फरक दहा-बारा मिनिटांचा असतो. म्हणजे ते रोज थोडे मागे पडू पाहते आणि सकाळचा उजेड त्याला रोज पुढे ढकलून जागेवर आणतो. रात्रीचा प्रखर उजेड याच्या उलट करतो, घड्याळ आणखी मागे ओढतो.

आता तिच्या झोपेकडे पाहू. कागदावर आम्ही साडेसात तास लिहिले होते. खरे पाहता ती साडेअकराला झोपून पाचला उठत होती, म्हणजे झोप साडेपाच तास. शनिवारी रात्री साडेबाराला झोपून रविवारी नऊला उठायचे, अशी भरपाई चाले. त्यासाठी सकाळच्या मिस्सेऐवजी संध्याकाळच्या मिस्सेला जाऊ लागलो होतो. इतर दिवशी झोपेचा मध्य सव्वादोनला येई, शनिवारी रात्री पावणेपाचला. फरक अडीच तासांचा. मुंबई आणि मॉस्को यांच्या घड्याळांतही अडीच तासांचाच फरक आहे. म्हणजे दर शनिवारी शरीर मॉस्कोला जाई आणि सोमवारी पहाटे पाचला वसईत हजर होई! टिल रोनेबर्ग या जर्मन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला ‘सामाजिक जेटलॅग’ असे नाव दिले. सोमवारी पहिल्या तासिकेला येणारी मरगळ ही आळसाची खूण नाही, ती या प्रवासाची आहे.

थोडी थोडी कमी झोप साठत जाते, हे तर अधिक गंभीर आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांच्या एका गटाला सलग चौदा रात्री सहाच तास झोपू दिले. अखेरीस त्यांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती इतकी घसरली, की जणू त्यांनी एक-दोन रात्री पूर्ण जागून काढल्या असाव्यात. लक्षात ठेवण्याची गोष्ट पुढे आहे. आपण किती पेंगुळलो आहोत असे त्यांना विचारले, तेव्हा पहिल्या काही दिवसांनंतर त्यांच्या उत्तरात फारशी वाढ दिसेना. कामगिरी ढासळत होती आणि त्यांना वाटत होते, सवय झाली!

‘मला पाच तास पुरतात’ असे सांगणाऱ्या सहकाऱ्याचे म्हणणे म्हणूनच पुरावा धरता येत नाही. मोजपट्टी बिघडली असेल तर त्याच पट्टीने पट्टीची चूक कळत नाही.

चहाबद्दलही एक शब्द. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन साचत जाते आणि त्यातून झोपेची ओढ निर्माण होते. कॅफीन त्याची जागा अडवते, पण साचलेले अॅडेनोसिन कमी करत नाही. शरीरातले निम्मे कॅफीन नाहीसे व्हायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातले निम्मे कॅफीन रात्री अकराला शिल्लक असते.

उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे

‘दिवसभर वर्गात उभीच असते, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्न घरात विचारला गेला होता. विचारणारा गणिताचा शिक्षक होता.

लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर जेरेमी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. चालक दिवसभर बसून, तर वाहक दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. निष्कर्ष सोपा वाटतो, पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. त्यांनी दोघांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच अधिक रुंद होती! म्हणजे सगळा फरक पायऱ्यांमुळे म्हणता येईना. पुढे इतर व्यवसायांवरील अभ्यासांनी हालचालीचे महत्त्व पक्के केले. पण स्वतःच्या निष्कर्षावर शंका कशी घ्यावी, हे दहावीच्या वर्गाला सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

मॉरिस यांचे वाहक उभे होते म्हणून नव्हे, चढत होते म्हणून वेगळे. स्थिर उभे राहिल्यावर पायांतले रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवावे लागते. घोट्याजवळच्या शिरांतला दाब अशा वेळी सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. चालू लागले की पोटरीचे स्नायू दर पावलाला शिरा पिळतात, झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत आणि हा दाब २५च्या आसपास उतरतो. पोटरी म्हणजे एक पंपच, पण तो चालताना चालतो. फळ्याजवळ खिळून उभ्या राहिलेल्या शिक्षकाचा, किंवा विरार लोकलमध्ये दाटीत उभ्या असलेल्या प्रवाशाचा तो बंद असतो. संध्याकाळी पाय जड होतात ते यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा. पूर्वीच्या शिफारशीत एका वेळी निदान दहा मिनिटे तरी हवीत अशी अट होती, ती आता काढून टाकली आहे. ही नव्या शिक्षकासाठी आनंदाची बातमी आहे. सकाळी तासभर किनाऱ्यावर चालायला जमत नसेल, तर स्थानकापर्यंत रिक्षाऐवजी पायी भरभर गेलेली बारा मिनिटेही हिशेबात धरता येतात. येता-जाता मिळून २४, सहा दिवसांची १४४. अडीच तासांपैकी जवळजवळ सगळे तास प्रवासातच निघाले! शिवाय पहाटेच्या चालण्याला सकाळचा उजेड मिळतो, म्हणजे शरीराचे घड्याळही जागेवर येते.

दिवसाला दहा लाख टाळ्या

गळ्यावर दोन बोटे ठेवून ‘स्स्स’ म्हणा, मग ‘म्म्म’ म्हणा. दुसऱ्या वेळी बोटांना थरथर जाणवेल. तिथे दोन स्वरपट्टे एकमेकांवर आपटत असतात. स्त्रीच्या बोलण्यात ते सेकंदाला साधारण दोनशे वेळा आपटतात, पुरुषाच्या बोलण्यात सव्वाशेच्या आसपास. दिवसभरातल्या तासिका, सूचना, ओरडा हे सगळे धरून प्रत्यक्ष स्वर निघण्याचा वेळ दीड तास मानला, तर २०० × ५४०० म्हणजे १०,८०,००० आघात. दिवसाला दहा लाख टाळ्या वाजवल्या तर तळहातांचे काय होईल? स्वरपट्टे नाजूक आणि ओलसर आवरणाने झाकलेले आहेत म्हणूनच टिकतात. पण रात्रीत झीज भरून आली नाही, तर सूज येते आणि आवाज घोगरा होतो.

शिक्षकांच्या बाबतीत हे नेहमीचेच आहे. अमेरिकेतील दोन राज्यांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ११ टक्के शिक्षकांना त्या वेळी आवाजाची तक्रार होती. इतर व्यवसायांतल्या लोकांत हे प्रमाण ६.२ टक्के होते.

यात आणखी एक सापळा आहे. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने हे १९११ मध्ये दाखवून दिले. वर्गात याचे चक्र होते. मुले बोलतात म्हणून बाई आवाज चढवतात, बाईंचा आवाज चढला म्हणून मुलेही चढवतात. यावर उपाय भौतिकशास्त्रातच आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की ध्वनीची पातळी सहा डेसिबलने वाढते. वर्गात भिंतींवरून ध्वनी परत येत असल्याने फरक थोडा कमी पडतो, तरीही शेवटच्या बाकापर्यंत ओरडण्यापेक्षा त्या बाकाजवळ चालत जाणे घशाला स्वस्त पडते. पोटरीचा पंपही चालू होतो. वर्ग शांत करायला टेबलावर डस्टर वाजवावा किंवा हात वर करून थांबावे. पाणी जवळ ठेवावे. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

गायनवृंदाचे काय? तिचा सराव शुक्रवारी संध्याकाळी असे, म्हणजे पाच दिवसांच्या टाळ्यांनंतर. आम्ही गायनवृंदातल्या मंडळींशी बोललो. सराव शनिवारी संध्याकाळी घ्यायला ती तयार झाली, कारण शनिवारी शाळा अर्धीच असते. इतकी साधी गोष्ट सहा महिने कुणाला सुचली नव्हती, कारण आम्ही तास मोजत होतो, घसा मोजत नव्हतो.

साठ वह्यांतल्या बारा

झोप कापली जात होती ती वह्यांनी. तिच्याकडे चार तुकड्या होत्या. प्रत्येकीत साठ मुले. एका वहीला दोन मिनिटे धरली तरी २४० वह्यांना आठ तास. त्यात टाचण, त्यात चाचणीचे पेपर. बारा तास कागदावर होते, प्रत्यक्षात ते पंचवीसच्या पुढे जात.

इथे गणिताच्या शिक्षकाने थोडी भरपाई केली. वह्या तपासण्याची उद्दिष्टे दोन. वर्गाला काय समजले नाही हे कळणे हे पहिले, आणि प्रत्येक मुलाला त्याची चूक दाखवणे हे दुसरे. पहिल्यासाठी सगळ्या वह्या लागत नाहीत, नमुना पुरतो. समजा, वर्गातल्या तीस टक्के मुलांनी एकच चूक केली आहे. यदृच्छया काढलेल्या बारा वह्यांपैकी एकीतही ती न दिसण्याची शक्यता ०.७ चा बारावा घात, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. बारा वह्यांत वर्गाचा आजार कळतो.

मात्र ढिगाच्या वरच्या बारा घेऊ नयेत. आधी वही देणारी मुले बहुधा नीटनेटकी असतात, तो नमुना एकांगी होतो. हजेरी क्रमांकाचा शेवटचा अंक १ किंवा ६ असलेल्या बारा वह्या या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात २ व ७, असे पाच आठवड्यांचे चक्र लावले की प्रत्येक मुलाची वही सवडीने, शब्द न् शब्द वाचली जाते. चक्र हवेच. साठांतल्या तिघांचीच एखादी चूक असेल, तर बारांच्या नमुन्यातून ती सुटून जाण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. अशा मुलालाच तर बाईंची गरज जास्त! बाकीच्या वह्या वर्गात फिरताना पाहून सही करायची. चार तुकड्यांच्या ४८ वह्यांना ९६ मिनिटे लागतात. मुख्याध्यापकांनी आधी एकाच तुकडीत करून पाहायला सांगितले. तेही योग्यच, प्रयोग लहान प्रमाणातच सुरू करावा.

रात्री पडल्यावर उद्याची कामे डोक्यात फिरत राहतात, त्यावरही एक लहानसा उपाय सापडला. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांविषयी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण यादी लिहिण्याने नुकसान तर काही नाही.

सुट्टी सगळ्यांची एकाच दिवशी हवी

आता दुसऱ्या गृहीतकाकडे वळू. मोकळा तास आणि सगळ्यांचा मिळून मोकळा तास, यांतला फरक एका देशाने फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला.

दिवस पृथ्वीच्या फिरण्यावरून आला, महिना चंद्रावरून, वर्ष सूर्यावरून. सात दिवसांच्या आठवड्याला मात्र आकाशात असा आधार नाही, तो माणसाने ठरवला. म्हणून तो बदलण्याचे प्रयत्नही झाले. सोव्हिएत संघाने १९२९ मध्ये पाच दिवसांचा आठवडा आणला. कारखाने अखंड चालावेत म्हणून कामगारांचे पाच गट केले. प्रत्येकाला एक रंग आणि दर पाचव्या दिवशी सुट्टी. सातांऐवजी पाच दिवसांनी सुट्टी, म्हणजे विश्रांती वाढलीच! पण नवऱ्याचा रंग एक, बायकोचा दुसरा. मुलांची शाळा तिसऱ्याच दिवशी बंद. घरातली माणसे एकत्र येईनात आणि रविवारची उपासनाही मोडली. १९३१ मध्ये सर्वांना एकाच दिवशी सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० मध्ये पुन्हा सात दिवसांचा. सुट्टीचे तास वाढवूनही सुट्टी हरवू शकते, हे त्यातून दिसले.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी सहज मिळाली नाही. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि ही मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. चर्चच्या घंटेने रविवार ओळखणाऱ्या आमच्या गावालाही तो दिवस संपूर्ण मोकळा मिळतो, त्यामागे ही लढाई आहे. तो वह्यांच्या ढिगाखाली घालवताना आम्हाला त्याची आठवण नव्हती.

एकत्र वेळ हवा, तर काम वाटले गेले पाहिजे. आम्ही दोघांचे कागद शेजारी ठेवले. तिच्या कागदावर घरकाम साडेसतरा तास, त्याच्या कागदावर सात. २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे दिसले. आकडे देशाचे होते, पण गुणोत्तर आमच्या स्वयंपाकघरातलेही फार वेगळे नव्हते. बाजारहाट, मुलीचा अभ्यास आणि रात्रीची भांडी असे मिळून पाच तास एका कागदावरून दुसऱ्यावर गेले. वेळेच्या व्यवस्थापनाचे कुठलेही तंत्र यापुढे फिके आहे.

जूनमध्येच कॅलेंडर पाहावे

वर्षाचीही एक लय असते. डिसेंबरात शाळेचे स्नेहसंमेलन आणि नाताळची गाणी एकाच पंधरवड्यात येतात. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कधीही येतो. म्हणजे पवित्र आठवड्यातल्या रोजच्या उपासना कधी बोर्डाचे पेपर तपासण्याच्या दिवसांत येतात, तर कधी वार्षिक परीक्षेच्या. हे संकट अचानक येत नाही. ते जूनमध्येच मोजून ठेवता येते. ज्यांच्या घरी गणपती, रमजान किंवा गावची जत्रा असते, त्यांनीही शाळेच्या नियोजनाशेजारी आपले कॅलेंडर ठेवून पाहावे. दोन ओझी एकाच आठवड्यात येणार असतील, तर त्यातले एक आधीच कुणाकडे तरी सोपवावे.

काय जमले, काय नाही

आम्ही चार गोष्टी ठरवल्या. उठण्याची वेळ सातही दिवस जवळजवळ सारखी ठेवायची. त्यासाठी रविवारी पुन्हा सकाळच्या मिस्सेला जायचे. साडेदहाला वह्या मिटायच्या. स्थानकापर्यंत पायी जायचे. आणि आठवड्यातून निदान चार रात्री चौघांनी एकत्र जेवायचे.

यातले सगळे पाळले गेले असे नाही. चाचणीच्या आठवड्यात दिवा साडेअकरापर्यंत जळतो. पावसाळ्यात रिक्षा करावी लागते. पण एक चुकले की बाकीची तीनही सोडून द्यायची, हे आता होत नाही. कोणती गोष्ट किती दिवस थांबू शकते हे माहीत झाले आहे: वह्या आठवडाभर थांबतात, झोप दोन रात्रींपेक्षा जास्त थांबत नाही, घसा तर आजची भरपाई आज रात्रीच मागतो.

वाचक शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नववी-दहावीच्या मुलांना आठवडाभर आपल्या झोपण्या-उठण्याच्या वेळा लिहायला सांगा. प्रत्येकाने झोपेचा मध्य काढावा आणि शाळेच्या दिवसांचा मध्य व रविवारचा मध्य यांतला फरक आलेखावर मांडावा. वर्गातली किती मुले दर रविवारी मॉस्कोला जाऊन येतात ते कळेल. आलेखात बाईंचा आणि सरांचा बिंदूही असू द्यावा.

पुढच्या नाताळला गायनवृंदाच्या दुसऱ्या रांगेत ती पुन्हा उभी होती. आवाज थोडा खालच्या पट्टीत गेला होता, पण निघत होता. शेजारच्या बाईंनी विचारले, ‘काय गं, शाळा सोडलीस की काय?’